बटण सेल बदलला आणि संगणक सुरू झाला
माझ्या जुन्या संगणकाचे घड्याळ दर वेळी कित्येक वर्षे मागे जाई आणि बूट डिस्क (जिच्यावरून संगणक सुरू होतो ती डिस्क) सापडत नसल्याचा संदेश येऊन सारे तिथेच थांबे. हार्ड डिस्क बिघडली असावी, असे मला वाटले. ती मात्र शाबूत होती. वीज मिळताच प्रोसेसर प्रथम मदरबोर्डवरील, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवरील, चिपमधला बायोस हा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम चालवतो, बायोस मेमरी व कीबोर्ड तपासतो आणि कोणत्या डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीत आणायची हे साठवलेल्या सेटिंगवरून ठरवतो. वीज बंद असताना ही सेटिंग आणि घड्याळ ३ व्होल्टच्या बटण सेलवर टिकतात, आणि माझ्या सेलमध्ये मल्टिमीटरने २.३ व्होल्टच दाखवले. प्लग काढून नवा सीआर२०३२ सेल बसवला, तारीख व डिस्कचा क्रम पुन्हा भरला. आता संगणक विनातक्रार सुरू होतो.