ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली तर

कारखान्यांचे बॉयलर पेटलेत, टोळ्या उतरल्यात. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरकडेच्या भागात तोड घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. आडसाली ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, जवळ पाणी आणि वस्तीवरची कुत्री. बिबट्याच्या मादीला बाळंतपणाला आणखी काय लागतं?

ती साधारण तीन महिन्यांत विते, बहुधा दोन-तीन पिल्लं. डोळे उघडायलाच आठ-दहा दिवस जातात. शिकारीला जाताना ती पिल्लांना पाचटात ठेवून जाते, म्हणजे एकटी दिसली तरी ती पोरकी नसतात. कोयते थांबवा, तिथला ऊस उभा ठेवा, माणसं लांब घ्या आणि १९२६ वर वनखात्याला कळवा. पिल्लू उचलून घरी आणणं, मांडीवर घेऊन फोटो काढणं, दूध पाजणं, यातलं काहीही नको. ते रानमांजराचं किंवा वाघाटी या छोट्या रानटी मांजराचंही असू शकतं. ओळख वनरक्षकांवर सोडा. बहुतेकदा ते पिल्लं संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि रात्रीत आई तोंडात धरून हलवते. त्या रात्री फडाकडे कुणी फिरकू नये. पिल्लं न मिळालेली मादीच जास्त धोक्याची.

तोड गावाच्या बाजूनं सुरू करून ओढ्या-डोंगराकडं सरकवा. चारी बाजूंनी घेरत मध्ये एक तुकडा राखला, तर आतल्या जनावराला माणसावरूनच वाट काढावी लागते. ऊस पेटवून तर अजिबात नको. टोळीची लेकरं पहाटे बांधावर झोपवलेली असतात, त्यांच्याजवळ एक मोठं माणूस उभं ठेवाच. वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतं.

रात्रीच्या लायटीवर पाणी पाजायला जावंच लागतं, हे आमचं जुनंच दुखणं. जाताना दोघं जा, बॅटरी घ्या, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावा. शेळ्यांचा गोठा वरूनही जाळीनं बंद हवा.

"पिंजरा लावा" ही मागणी होतेच. पण धरून दुसरीकडं सोडलेला बिबट्या तिथंच थांबेल असं नाही. २००९ मध्ये विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या शंभरावर किलोमीटर चालून मुंबईजवळ पोचला होता. शिवाय एक नेला की मोकळ्या जागेत दुसरा येतो.

शेळी मारली गेली तर मढं हलवू नका. लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या, तरच भरपाईचा अर्ज पुढं सरकतो.