कॅम्पस कॅरी: टेक्सासला शिकायला येणाऱ्यांनी विमानात बसण्याआधी वाचावं असं

टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला की घरात पहिला प्रश्न फीचा निघतो आणि दुसरा, ‘तिथे म्हणे पोरं वर्गात पिस्तूल घेऊन बसतात?’ कायद्याने बसू शकतात, हे खरं आहे. २०१५ साली मंजूर झालेला ‘सिनेट बिल ११’ हा ‘कॅम्पस कॅरी’चा (कॅम्पसवर पिस्तूल बाळगू देण्याचा) कायदा १ ऑगस्ट २०१६ पासून सरकारी विद्यापीठांना आणि वर्षभराने कम्युनिटी कॉलेजांना लागू झाला. लायसन्स असलेल्या माणसाला पिस्तूल कपड्याआड ठेवून कॅम्पसवर वावरता येतं. उघड दिसेल असं नाही. खासगी विद्यापीठांना नकार देण्याची मुभा होती. राइस, बेलर, एसएमयू यांनी ती वापरली.

इथे बहुतेकांचा एक घोटाळा होतो. २०२१ पासून टेक्सासमध्ये रस्त्यावर पिस्तूल बाळगायला लायसन्स लागत नाही, म्हणून कॅम्पसवरही लागत नसेल असं धरून चालतात. लागतं. त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात, चार ते सहा तासांचा वर्ग करावा लागतो आणि नेमबाजीची परीक्षा असते. वर्गात प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल असतं ही समजूत गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच सोडून यावी.

आता मुख्य मुद्दा. ज्यांना एवढंच वाचायचं असेल त्यांनी हा परिच्छेद वाचून बाकीचं सोडलं तरी चालेल. एफ-१ (विद्यार्थी), जे-१ (एक्स्चेंज), एच-१बी (नोकरी), एच-४ (एच-१बीवाल्याचे कुटुंबीय) यांपैकी कोणत्याही व्हिसावर असाल तर बंदुकीला आणि गोळीला हात लावायचा नाही. केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसावर आलेल्याला बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. २०२२ पासून या गुन्ह्याला कमाल शिक्षा पंधरा वर्षांची आहे आणि बंदुकीचा गुन्हा हा देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे. राज्याने कॅम्पसवर काहीही मोकळं केलं तरी हा कायदा त्याच्या वर आहे. म्हणजे कॅम्पस कॅरीचं विधेयक पास झालं काय आणि पडलं काय, तुम्हाला स्वतःला त्यातून एक छटाकही हक्क मिळत नाही.

तरीही दर वर्षी नवी बॅच आली की कोणीतरी जुना सीनियर ‘चला, शूटिंग रेंजवर जाऊ, अमेरिकेत आलात आणि हे नाही केलंत?’ म्हणत गाडी भरतो. रेंजवर भाड्याने पिस्तूल मिळतं, फॉर्म भरला की पाच मिनिटांत हातात येतं, इन्स्टाग्रामवर फोटो जातो. काउंटरवरच्या माणसाने अडवलं नाही म्हणजे कायदेशीर, असा या मंडळींचा हिशोब असतो. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाने मार्क कमी पडले म्हणून काढून टाकलेला एक परदेशी विद्यार्थी स्टेटस (देशात राहण्याची कायदेशीर परवानगी) संपल्यावर असाच रेंजवर गेला, दोन बंदुका चालवल्या आणि त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ चा रेहैफ खटला तो हाच. न्यायालयाने ठरवलं ते एवढंच, की आपलं स्टेटस गेलं आहे हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. व्हिसावरच्यांनी रेंजवर जायला हरकत नाही, असं त्यात कुठेही नाही.

शिकारीचं लायसन्स काढलं की सूट मिळते, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. कायद्यात तसा अपवाद आहे. पण तो केंद्रीय मनाईपुरता आहे; राज्याचे नियम आणि विद्यापीठाचे नियम वेगळेच उभे असतात. शिकार करायची नसताना केवळ फोटोसाठी तो आधार घ्यायचा असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला पैसे मोजा, सीनियरचं ऐकू नका.

‘जवळ बाळगणं’ याचा अर्थ खिशात असणं एवढाच नाही. वस्तू कुठे आहे हे माहीत आहे आणि हवी तेव्हा ती ताब्यात घेता येते, एवढ्यावरही बाळगल्याचा आरोप लागू शकतो. रूममेट ग्रीन कार्डवाला किंवा नागरिक असेल आणि त्याच्याकडे पिस्तूल असेल, तर ते त्याच्या खोलीत, कुलुपाच्या पेटीत आणि किल्ली त्याच्याकडेच, असं लीजवर सही करण्याआधी बोलून घ्या. हॉलमधल्या सामाईक कपाटात नको. मित्राची गाडी मागून नेताना ग्लव्ह बॉक्स त्यालाच उघडून दाखवायला सांगा. भिडेपोटी हे विचारत नाहीत, आणि नेमकं त्याच गाडीला पोलीस थांबवतात.

कॅम्पसवरचे नियम विद्यापीठागणिक बदलतात. कायद्याने कुलगुरूला सरसकट बंदी घालता येत नाही, पण काही जागा वगळता येतात. विद्यापीठाच्या साइटवर ‘कॅम्पस कॅरी’ शोधून वगळलेल्या जागांची यादी काढा. साधारणपणे तिकीट लावून होणारे सामने, पाळणाघर, समुपदेशन केंद्र, घातक रसायनांच्या लॅब त्यात असतात. हॉस्टेलच्या बाबतीत ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ (यूटी) आणि टेक्सास ए अँड एम ही दोन टोकं: ऑस्टिनला राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हॉस्टेलच्या खोलीत पिस्तूल ठेवता येत नाही, ए अँड एमला तिजोरीत ठेवता येतं. राहायची जागा निवडताना हे आधी बघा.

पीएचडीला टीए (शिकवण्यात मदत करणारा सहायक) म्हणून लागणाऱ्यांसाठी: ऑस्टिनसारख्या ठिकाणी प्राध्यापकाला स्वतःच्या एकट्याच्या ऑफिसात पिस्तूल चालणार नाही असं सांगता येतं. चारसहा टीए मिळून बसतात त्या खोलीला ही सोय नाही. सिलॅबसमध्ये ‘माझ्या वर्गात शस्त्र आणू नये’ असं लिहिता येत नाही आणि लायसन्सवाला आपल्याकडे पिस्तूल आहे हे तुम्हाला सांगायला बांधील नाही. विचारायला जाऊ नका. मार्कांवरून वाद घालायला कोणी येणार असेल तर भेट सामाईक, वर्दळीच्या जागी ठेवा. ते तसंही बरं.

पिस्तुलावर लाल काट मारलेलं चित्र पाहून निर्धास्त होऊ नका. लायसन्सवाल्याला अडवणारी टेक्सासची पाटी ‘३०.०६’ या कलमाची असते: ठरावीक मजकूर, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, अक्षरं किमान एक इंच उंच. मुद्दाम दिसेल असं पिस्तूल कोणी वागवत असेल तर तो कॅम्पसवर गुन्हा आहे. कॅम्पस पोलिसांचा नंबर पहिल्याच दिवशी फोनमध्ये घाला, तिथून बाजूला व्हा, मग फोन करा. व्हिडिओ काढत बसू नका.

साडेपाच इंचांपेक्षा लांब पात्याची सुरी विद्यापीठाच्या इमारतीत नेता येत नाही. पॉटलकला (सगळ्यांनी घरून पदार्थ आणायच्या जेवणाला) कलिंगड घरूनच कापून न्या. होळीला बंदुकीच्या आकाराची पिचकारी नको.

आता पुढे काय होईल, याबद्दल. अधिवेशनाच्या काळात आपल्या मंडळांच्या ग्रुपवर ‘बिल पास झालं!’ असा फॉरवर्ड फिरतो आणि बहुतेक वेळा ते एखाद्या समितीतून नुसतं बाहेर पडलेलं असतं. टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षांत जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारपासून १४० दिवस भरतं. पुढचं जानेवारी २०२७ मध्ये. विधेयकं नोव्हेंबर २०२६ पासूनच दाखल व्हायला लागतील. दाखल होणं म्हणजे काहीच नाही. ‘टेक्सास लेजिस्लेचर ऑनलाइन’वर विधेयकाचा नंबर टाका आणि शेवटची नोंद वाचा. ‘लेफ्ट पेंडिंग इन कमिटी’ (समितीत पडून) असं मे महिना उजाडला तरी तसंच असेल तर ते संपलं म्हणून समजा.

हा कायदा इथे व्हायला जो वेळ लागला त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. २००९ मध्ये विधेयक सिनेटने (वरच्या सभागृहाने) मंजूर केलं, हाउसमध्ये (खालच्या सभागृहात) अडकलं. २०१३ मध्ये हाउसने मंजूर केलं, सिनेटमध्ये अडकलं. बहुमत होतंच, आडवा येत होता सिनेटचा नियम. ३१ पैकी २१ जणांची संमती असल्याशिवाय विधेयक चर्चेलाच घेता येत नसे. जानेवारी २०१५ मध्ये तो आकडा १९ वर आणला. रिपब्लिकन होते २०. त्याच वर्षी कायदा झाला. पोलीस, प्राध्यापक, पालक काय म्हणतात यावर चॅनेलवाले रात्री घसा कोरडा करत होते आणि खरा निकाल अधिवेशनाच्या सुरुवातीच्या नियम-ठरावात लागला होता. यूटीचे तेव्हाचे चॅन्सलर आणि माजी ॲडमिरल मॅकरेव्हन यांनी जाहीर विरोध केला होता, ए अँड एमचे चॅन्सलर शार्प यांना काही अडचण वाटत नव्हती. ॲडमिरलच्या विरोधाने विधेयक पडलं नाही, पण जागा वगळण्याचा अधिकार विद्यापीठांना मिळाला. अंतिम कायद्यात काय आहे ते अशा दुरुस्त्यांत असतं, मथळ्यात नसतं.

इतर राज्यांत जाणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, गव्हर्नर कोण आहे आणि काय बोलतो. ॲरिझोनात २०११ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक रिपब्लिकन गव्हर्नर ब्रूअर यांनीच ‘नीट लिहिलेलं नाही’ म्हणून परत पाठवलं. जॉर्जियात गव्हर्नर डील यांनी २०१६ ला नकाराधिकार वापरला आणि २०१७ ला सही केली, कारण हॉस्टेल आणि स्टेडियम आधीच वगळलेले होते, त्यांत मधल्या वर्षात पाळणाघर, प्राध्यापकांची ऑफिसं यांची भर पडली. जॉर्जिया टेकला जाणाऱ्यांना आज तेच नियम लागू आहेत. दुसरी, समितीचा अध्यक्ष. फ्लोरिडात २०१६ ला सिनेटच्या एका समिती-अध्यक्षाने विधेयक विषयपत्रिकेवरच घेतलं नाही, तिथेच ते मेलं. तिसरी, राज्यघटनेने विद्यापीठांना किती स्वायत्तता दिली आहे. मोंटानात २०२१ ला कायदा झाला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की कॅम्पसचे नियम करण्याचा अधिकार बोर्ड ऑफ रीजंट्सचा (विद्यापीठांच्या नियामक मंडळाचा) आहे, विधिमंडळाचा नाही.

वारं एकाच दिशेने आहे असं कोणी ठामपणे सांगत असेल तर मान डोलवू नका. वेस्ट व्हर्जिनियात जुलै २०२४ पासून कॅम्पस कॅरी सुरू झालं, वायोमिंग आणि साउथ डकोटात जुलै २०२५ पासून. त्याच जुलै २०२४ मध्ये कोलोरॅडोने, जिथे २०१२ पासून न्यायालयाच्या निकालाने परवानगी होती, कॅम्पसवर मनाई लागू केली. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय इथे विद्यापीठं मनाईच्या यादीत आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालानंतर बंदूक बाळगण्याचं लायसन्स नाकारणं अवघड झालं, तसं न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाने मनाईच्या जागांची यादी लांबवली. तिथे जाणाऱ्यांना आमच्या टेक्सासच्या गोष्टींचा काही उपयोग नाही. विस्कॉन्सिनला मात्र मजा आहे: मोकळ्या आवारात चालतं, पण दारावर पाटी असेल तर इमारतीत नाही, आणि विद्यापीठ पाट्या लावतं.

मत मांडायचं असेल तर व्हिसावरचा विद्यार्थीही समितीपुढे बोलू शकतो. ऑस्टिनला कॅपिटॉलमध्ये (विधिमंडळाच्या इमारतीत) नाव नोंदवायचं, बाजूने, विरुद्ध की तटस्थ ते लिहायचं, आणि दोनतीन मिनिटं मिळतात. रात्री उशिरापर्यंत थांबायची तयारी ठेवा, डबा बरोबर न्या. नोंदणीत स्वतःचं नाव द्या, विद्यापीठाच्या वतीने बोलतोय असं लिहू नका. एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही: कोणत्याही उमेदवाराला, अगदी शहराच्या निवडणुकीतल्यालाही, दहा डॉलरची देणगी देऊ नका. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्याला ती केंद्रीय कायद्याने बंद आहे, आणि ऑनलाइन फॉर्मवर ‘मी नागरिक किंवा कायम रहिवासी आहे’ या चौकोनात टिक करणं हे त्या दहा डॉलरपेक्षा फार महाग पडतं.