गेम झोनमध्ये मुलाला नेताना: आधी खेळ, मग खाणं

महामारीच्या काळात अशा ठिकाणी खरी अडचण होते ती एक घास, एक गेम, पुन्हा एक घास यामुळे. बटणं, जॉयस्टिक हाताळलेली बोटं थेट फ्रेंच फ्राइजवर जातात. म्हणून खेळ आणि खाणं वेगळं ठेवा.

१. सुट्टीचा दिवस टाळा; दार उघडताच पोचा, तेव्हा गर्दी कमी असते.

२. आधी सगळे गेम. गेमचं कार्ड स्वतःजवळ ठेवा, स्वाइप तुम्हीच करा. प्रत्येक मशीननंतर किमान ६० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर, हात कोरडे होईपर्यंत चोळायचं. "हात पुढे, मग पुढचा गेम" असं घरीच ठरवलं की मूल कुरकुरत नाही, आपणहून तळवे पुढे करतं.

३. खेळ संपला की साबणाने २० सेकंद हात धुवा. बोटांच्या बेचक्या आणि अंगठा नेमका राहतो. खाण्यासाठी काढलेला मास्क कागदी पाकिटात ठेवा, टेबलावर नको.

४. खाऊन थेट घरी. "आता एकच गेम" याला ठाम नकार द्या.

दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावू नका. घरात कुणाला ताप-खोकला असेल तर बेत सरळ रद्द करा.