कार कंपनीचा कार्बन हिशेब: या चुका टाळा

कार कंपनीचा उत्सर्जन अहवाल हाती आला की बहुतेक जण आधी कारखान्याचं पान उघडतात. छपरावरचे सोलर पॅनल, पेंट शॉपमध्ये वाचवलेला गॅस, ‘कार्बन न्यूट्रल प्लांट’चा शिक्का. ही कामं मेहनतीची असतात आणि ती व्हायलाच हवीत. पण पेट्रोल-डिझेल गाड्यांचा बहुतेक कार्बन गाडी गेटबाहेर पडल्यावर निघतो. अशा गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या एकूण उत्सर्जनात ग्राहकांच्या वापराचा वाटा साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त असतो. जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत तीन गट आहेत: स्कोप १ म्हणजे कंपनीचं स्वतःचं थेट उत्सर्जन, स्कोप २ विकत घेतलेल्या विजेचं, स्कोप ३ पुरवठादार आणि ग्राहकांकडे होणारं. स्कोप ३ चे १५ प्रकार आहेत, त्यातला हा ११ वा: विकलेल्या मालाचा वापर. चुका शोधायला इथूनच सुरुवात करा.

आयुष्यभराचे किलोमीटर लपून राहणं

वापराचा आकडा साध्या गुणाकाराने येतो: विकलेल्या गाड्या, दर किलोमीटरचं उत्सर्जन आणि गाडी एकूण किती धावेल याचा अंदाज. किलोमीटरला १२० ग्रॅम सोडणारी गाडी १,५०,००० किलोमीटर धावेल असं धरलं तर १८ टन होतात. २,००,००० धरले तर २४ टन. गाडी तीच, इंजिन तेच, फरक ६ टनांचा, आणि पुढे त्याला लाखो गाड्यांनी गुणायचं. म्हणून दोन कंपन्या शेजारी ठेवण्याआधी तळटिपांमध्ये हा अंदाज शोधा; सापडला नाही तर तुलना सोडून द्या. अहवाल तुम्हीच तयार करत असाल तर तो मुख्य तक्त्यात छापा. अंदाज बदललात तर मागची वर्षंही नव्याने मोजा. नाहीतर रस्त्यावर काहीच न बदलता कागदावर घट दिसेल.

चाचणीचा आकडा रस्त्यावरचा समजणं

मला सर्वांत जास्त काळजी याच चुकीची वाटते. युरोपात २०१७ पासून लागू झालेली डब्ल्यूएलटीपी ही प्रयोगशाळेतली उत्सर्जन चाचणी जुन्या एनईडीसी चाचणीपेक्षा वास्तवाच्या बरीच जवळ आहे. तरीही २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांमधल्या इंधनमापकांची माहिती युरोपीय आयोगाने तपासली, तेव्हा पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघालं. प्लग-इन हायब्रिडचं, म्हणजे इंधन आणि चार्ज केलेली बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाड्यांचं, तर सरासरी साडेतीन पट! चाचणीत जेवढं अंतर विजेवर कापलं जाईल असं धरतात, तेवढं लोक कापत नाहीत. गाडी चार्जच कमी होते. त्यामुळे ज्या कंपनीची सगळी घट प्लग-इन हायब्रिडवर उभी आहे, तिला रस्त्यावरचा आकडा विचारा.

याच हिशेबात इंधनाचा मागचा प्रवासही राहून जातो. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेल उपसणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं याचं उत्सर्जन त्यावर वेगळं. इलेक्ट्रिक गाडीचंही तेच: तिला धूर नसला तरी चार्जिंगची वीज कुठून येते हे मोजावंच लागतं.

विजेचा एकच आकडा देणं

स्कोप २ दोन पद्धतींनी मोजतात. एकीत स्थानिक ग्रिडची सरासरी धरतात, दुसरीत कंपनीने केलेले वीजकरार आणि घेतलेली हरित विजेची प्रमाणपत्रं. प्रमाणपत्रं घेतली की दुसरा आकडा शून्यावर येऊ शकतो, पहिला जागचा हलत नाही. दोन्ही छापा.

‘प्रति गाडी’च्या वचनावर थांबणं

प्रति गाडी ३० टक्के घट झाली आणि विक्री ५० टक्क्यांनी वाढली, तर एकूण उत्सर्जन ५ टक्क्यांनी वाढतं. वातावरणात जातो तो एकूण आकडा. वचन वाचताना चार गोष्टी बघा: घट एकूण आहे की प्रति गाडी, आधारवर्ष (ज्या वर्षाच्या तुलनेत घट मोजतात ते) कोणतं, स्कोप ३ त्यात आहे का, आणि घट गाड्यांमधून येणार की विकत घेतलेल्या कार्बन क्रेडिटमधून, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या घटीच्या श्रेयातून. कंपन्यांची उत्सर्जनघटीची उद्दिष्टं तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्हच्या नियमांत नजीकच्या काळातली उत्सर्जनघट दाखवायला क्रेडिट चालत नाहीत.

हद्द बदलून आधारवर्ष तसंच ठेवणं

कंपनीने फाउंड्री (धातू वितळवून भाग ओतण्याचा कारखाना) विकली आणि तेच सुटे भाग बाहेरून घ्यायला लागली, तर स्कोप १ एकदम खाली येतो. भट्टी मात्र पेटलेलीच असते, फक्त दुसऱ्याच्या आवारात. अशा वेळी आधारवर्षाच्या स्कोप १ मधूनही ती फाउंड्री वजा करा आणि तिचं उत्सर्जन स्कोप ३ मध्ये, खरेदी केलेल्या मालाखाली दाखवा. संयुक्त भागीदारीतल्या कारखान्यांबाबतही हिस्स्याप्रमाणे मोजायचं की ताब्याप्रमाणे, हे एकदा ठरवा, अहवालात लिहा आणि दरवर्षी तसंच मोजा.