बाळाच्या सर्दीत आधी श्वास मोजा

बाळाला सर्दी झाली की घरातले सगळे आधी थर्मामीटर शोधतात. मी बालरोग विभागात परिचारिका आहे. रात्री-अपरात्री बाळाला घेऊन येणाऱ्या आईला मी ताप नंतर विचारते. आधी विचारते, दूध किती प्यायलं आणि श्वास मोजलात का? सर्दीसारख्याच सुरू होणाऱ्या आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या संसर्गात ताप कधी जास्त असतो, कधी जेमतेम, कधी नसतोच. तापावरून बाळ किती आजारी आहे ते कळत नाही. श्वासावरून आणि दुधावरून कळतं.

हा विषाणू काही दुर्मीळ नाही. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो आणि बहुतेकांची सर्दी-खोकल्यावर सुटका होते. त्रास होतो तो विशेषतः सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना. त्यांच्या फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिका मुळातच इतक्या अरुंद असतात की थोडी सूज आली, थोडा चिकट कफ साचला, की हवा जायला जागा उरत नाही. वेळेआधी जन्मलेली, हृदयात जन्मजात दोष असलेली किंवा फुप्फुसं नाजूक असलेली बाळं यांच्या बाबतीत तर थांबून बघायचंच नाही, लवकर दाखवायचं.

संसर्ग झाल्यावर साधारण 4 ते 6 दिवसांनी नाक वाहायला लागतं. पहिले दोन-तीन दिवस ती साधी सर्दीच वाटते. मग खोकला वाढतो, छातीत घरघर सुरू होते आणि आजाराच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो. म्हणून नाक कधी वाहायला लागलं तो दिवस लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून ‘छाती साफ आहे’ म्हटलं असेल तर ते त्या दिवसापुरतं खरं होतं; चौथ्या दिवशी बाळ दमलेलं वाटलं तर पुन्हा न्यायला अजिबात संकोच करू नका.

श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, झोपेत असेल तर उत्तम. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. अंगातलं वर सरकवा, छाती-पोट नीट दिसेल इतका उजेड ठेवा. पोट एकदा वर आलं की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच भरभर होतो, मध्येच क्षणभर थबकतो. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात 40 किंवा अधिक श्वास म्हणजे श्वास जलद आहे. आकडा जास्त आला तर लगेच पुन्हा एकदा मोजा. तोही तसाच आला तर डॉक्टरांकडे निघा. मोबाइलवर छाती-पोटाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवलात तर फार बरं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बाळ रडायला लागतं आणि घरी दिसलेलं तिथे दिसत नाही.

आकड्याबरोबर छातीही बघा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतोय, नाकपुड्या फुलतायत, प्रत्येक श्वासाला मान हलतेय, बाळ कण्हतंय, नेहमीच्या निम्म्यापेक्षा कमी दूध घेतंय, सात-आठ तास लंगोट कोरडा आहे, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ओठ किंवा जीभ निळसर झाली, श्वास मध्येच थांबला, बाळ उठवूनही उठेना, तर तात्काळ रुग्णवाहिका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर बाकी काही नसलं तरी त्याच दिवशी दाखवा.

घरी सांभाळण्यासारखं असेल तर काम दोनच: नाक मोकळं ठेवणं आणि पोटात दूध जात राहणं. पाजण्याच्या थोडं आधी नाकात सलाइनचे थेंब घाला. नाक चोंदलेलं बाळ ओढताना थकतं, म्हणून थोडं थोडं आणि वरचेवर पाजा. तापाने बेजार असेल तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेलंच. ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही. खोकल्याची औषधं या वयात फायद्याची नाहीत आणि धोक्याची ठरू शकतात. एक वर्षाच्या आत मध चाटवू नका. गरम पाण्याची वाफ देताना बाळं भाजतात, ती नकोच. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही परिणाम होत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं नाही म्हणून नाराज होऊ नका. झोपवायचं पाठीवरच, डोक्याखाली उशी न देता. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. बाळ नीट पीत असेल आणि श्वास सुरळीत असेल तर त्याने घाबरू नका.

आता ज्याबद्दल मला सगळ्यांत कळकळीने सांगायचंय ते. हा विषाणू बाळापर्यंत येतो तो बहुधा घरातल्याच कुणाच्या तरी ‘जराशा सर्दी’तून. मोठ्या भावंडाचं नुसतं नाक वाहत असतं, मोठ्या माणसाला घसा खवखवण्यापलीकडे काही नसतं. टणक पृष्ठभागावर हा विषाणू कित्येक तास टिकतो आणि हातावाटे नाका-डोळ्यांत जातो. म्हणून बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा, खेळणी आणि दाराच्या कड्या पुसा, आणि सर्दी असलेल्या माणसाला पापा घेऊ देऊ नका, मग तो कितीही जवळचा असो. नातेवाईक रागावले तर रागावू देत. आईलाच सर्दी असेल तर अंगावर पाजणं थांबवू नये. मास्क लावून, हात धुऊन पाजावं. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्या धुराने बाळाचा आजार आणखी बळावतो.

गरोदर असाल तर प्रसूतीच्या बऱ्याच आधी डॉक्टरांना आरएसव्हीच्या लशीबद्दल विचारा. 2023 पासून अशी लस काही देशांत दिली जाऊ लागली आहे. ती गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत घेतात, आणि आईच्या शरीरात प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी प्रथिनं) तयार होऊन ती बाळापर्यंत पोहोचायला साधारण दोन आठवडे लागतात. लस राहून गेली असेल, तर जन्मानंतर बाळाला थेट तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं. तुमच्याकडे ते मिळतं का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारून ठेवा.