ब्लाँड एलमधली गवताळ चव कशी गेली

ओरेगनमध्ये घरी केलेल्या ब्लाँड एलला, म्हणजे फिक्या रंगाच्या हलक्या बिअरला, ओल्या गवतासारखी तुरट चव येत असे आणि ती जिभेवर रेंगाळत असे. बिअरला कडूपणा आणि गंध देणाऱ्या हॉप्स या फुलांची जात बदलून, कॅस्केडऐवजी विलामेट, मग सिट्रा वापरून जीव मेटाकुटीला आला. दोष जातीचा नव्हता. हॉप्स बिअरमध्ये फार दिवस राहत होते, आणि इतक्या हलक्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) चवीमागे तो दोष लपत नाही.

या वेळी १९ लिटर वॉर्टला (माल्टच्या गोड काढ्याला) उकळी फुटताच १० ग्रॅम मॅग्नम हॉप्स घालून तासभर उकळले. आच बंद करून वॉर्ट ७७ अंश सेल्सिअसला आल्यावर ३० ग्रॅम कॅस्केड घालून २० मिनिटे झाकून ठेवले, मग लगेच १८ अंशांपर्यंत थंड करून यीस्ट टाकले. द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा स्थिर झाल्यावरच, म्हणजे आंबणे संपल्यावरच, आणखी ३० ग्रॅम कॅस्केड उकळून घेतलेल्या जाळीच्या पिशवीतून बिअरमध्ये सोडले आणि तिसऱ्या दिवशी पिशवी न पिळता काढली, कारण पिळल्यास तुरटपणा परततो. आता ग्रेपफ्रूटचा गंध स्वच्छ येतो.