मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात दमसास कसा जोखावा
सपाट मार्गिकेत 30 मीटर मोजून टोकांना खुणा ठेवा. रुग्णाला 10 मिनिटे बसवून नाडी, रक्तदाब घ्या. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या मार्गाच्या) हातावर रक्तदाबाचा पट्टा कधीच बांधू नका. मग 6 मिनिटांत जमेल तितके चालायला सांगा, पळायला नाही. मध्ये थांबला तरी घड्याळ चालूच. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर चाचणी बंद.

नाडीवरून अंदाज बांधायचा मोह टाळा. बीटा-ब्लॉकरमुळे (नाडी मंदावणाऱ्या औषधांमुळे) आणि बिघडलेल्या स्वायत्त चेतासंस्थेमुळे (हृदयाचे ठोके आपोआप सांभाळणाऱ्या नसांमुळे) श्रमातही नाडी पुरेशी वाढत नाही, मग क्षमता फुगून दिसते. त्याऐवजी चाललेले अंतर आणि बोर्ग श्रेणीवरचा दम (रुग्णाने स्वतः आकड्यात सांगितलेली धाप) नोंदवा. डायलिसिसनंतर लगेच चाचणी नको. रक्तदाब उतरलेला असू शकतो. दोन चाचण्यांच्या मधल्या काळात हिमोग्लोबिन बदलले असेल, तर आधीच्या चाचणीच्या आकड्याशी तुलना फसते.